हरली म्हणून सांगायचं

कडूबाईला सायकल भुजंगनं शिकवली, असं वालूरमध्ये तुम्हाला कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भुजंग म्हणजे मीच. एसटी स्टँडसमोर माझं सायकलचं दुकान होतं. पाच सायकली भाड्यानं द्यायच्या आणि उरलेला दिवस पंक्चर काढायचे. मी त्या पोरीला फक्त पंक्चर काढायला शिकवलं. पळायला ती कुठून शिकली ते देवाला ठाऊक. माझ्याकडून शिकली असती तर माझ्यासारखीच रस्त्याच्या कडेला हवा भरत बसली असती.

तिचं नाव कडू का, ते आधी सांगतो. तिचा बाप रामकिशन आणि आई केशरबाई. दोन एकर कोरडवाहू रान, त्यामुळं दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीला जायचे. कडूच्या आधी त्यांना तीन लेकरं झाली आणि तिन्ही गेली. थोरला तीन वर्षांचा होता, गोरापान, गुटगुटीत. कारखान्यावर राहायच्या पाचटाच्या कोपीसमोर खेळत होता, तेव्हा मुकादमानं त्याला उचलून घेतलं आणि म्हणाला, "काय राजबिंडं पोरगं हाय गं केशर!" तिसऱ्या दिवशी पोरगं तापानं गेलं. ताप कशाचा होता हे सांगायला तिथं डॉक्टर नव्हता. केशरबाईला एकच कारण दिसलं आणि तिनं मनाशी खूणगाठ बांधली. चौथी मुलगी झाली तेव्हा सुईणीनं तिला उकिरड्यावर नेऊन ठेवलं, एका शेजारणीनं उचललं, आणि केशरबाईनं सूपभर कोंडा देऊन तिला परत विकत घेतलं. नाव ठेवलं कडू. कडू वस्तू मरणालाही नको असते, एवढाच त्यातला विचार. आमच्याकडं अशी नावं ढिगानं आहेत, त्यात हसण्यासारखं काही नाही.

पण केशरबाईनं नुसत्या नावावर भागवलं नाही. कोणी पोरीला हुशार म्हटलं की ती लगेच म्हणायची, "कुठली हुशार, मठ्ठ हाय." कोणी तब्येत बरी आहे म्हटलं की, "सारखी आजारी असती." स्वतःच्या तोंडून तर तिनं लेकीला चौदा वर्षांत एक बरा शब्द दिला नव्हता. लोकांना ती खाष्ट वाटायची. खरं सांगायचं तर मलाही वाटायची.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. रामकिशन एकटाच तोडीला गेला होता. केशरबाई पोरीच्या शाळेसाठी मागं राहिली होती आणि दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जात होती. रान लांब, सायकलवर जाऊन-येऊन तासाची वाट, म्हणून शाळा सुटली की कडू माझ्याकडून तासाच्या बोलीवर सायकल न्यायची आणि आईला मागं बसवून आणायची. पहिल्याच दिवशी ती अर्ध्या तासात परत आली. मागं केशरबाई बसलेली, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून, डोळे मिटून. दुसऱ्या दिवशीही तेच. मला संशय आला, म्हणून तिसऱ्या दिवशी मी दुसरी सायकल काढून तिच्या मागं निघालो. ओढ्याच्या चढापर्यंत मला तिची वेणी दिसत होती. चढाच्या वर गेलो तर रस्ताच मोकळा. मी तिथं धापा टाकत उभा राहिलो, आणि आनंद व्हायच्या आधी मला भीती वाटली. एवढ्याशा पोरीच्या पायात एवढं कुठून आलं?

त्या हिवाळ्यात सेलूला ग्रामीण क्रीडा स्पर्धा होत्या. केशरबाईला 'शाळेचं काम आहे' अशी थाप मारून मी कडूला घेऊन गेलो. ती जिंकली, आणि अशी जिंकली की दुसरी पोरगी येईपर्यंत हिनं सायकल झाडाला टेकवून पाणीही पिऊन घेतलं. परभणीचे बन्सीधर सर तिथं पंच म्हणून आले होते. शाळेत कवायत शिकवायचे, पण जीव सगळा सायकलच्या शर्यतीत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "भुजंगराव, ही पोरगी मला द्या."

परत आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात केशरबाईच्या दारात गेलो. कडूच्या हातात पितळी कप होता. केशरबाई भाकरी थापत होती. तिनं कपाकडं पाहिलं आणि तिच्या तोंडावरचं रक्तच उतरलं.

"कुणी कुणी पाह्यलं?" तिनं विचारलं.

"सगळ्यांनी! टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला," मी म्हणालो. मूर्ख माणूस मी.

तिनं आधी दार लावलं. मग मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. कप सरकीच्या पोत्यात खोल खुपसला. मग माझा हात धरून कडूच्या डोक्यावर ठेवला. "भुजंगदादा, लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांगा. कुणी इचारलं तर हरली म्हणून सांगायचं. गावात एका माणसाला खरं कळलं तर ही ऱ्हायची न्हाई बगा."

"आवं केशरबाई, असं कुठं असतंय का?"

"तीन पुरलेत मी. तुमी किती पुरलेत?"

माझा हात पोरीच्या डोक्यावरच होता आणि तिचं डोकं गरम होतं. मी शपथ घेतली. त्या बदल्यात केशरबाईनं पोरीला पळू द्यायचं कबूल केलं. तिला लेकीचा पाय बांधायचा नव्हता, हे मला तेव्हाच समजलं. तिला फक्त कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

पुढची दोन वर्षं आम्ही तेच केलं. दर रविवारी मी कडूला परभणीला सरांकडं न्यायचो. ती मानवतला जिंकली, परभणीला जिल्ह्यात पहिली आली, औरंगाबादला विभागात पहिली आली, आणि गावात प्रत्येक वेळी हरली. स्टँडवर उतरलो की मुंजाजी सुतार दुकानातून ओरडायचा, "काय भुजंग, आनली का पुन्हा हरवून?" पोरं तिला 'शेवटची गाडी' म्हणायची. मुंजाजीच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनानं तो वाईट नव्हता. एकदा तो मला कळवळून म्हणाला, "कामून पोरीचे हाल करायलास? जमत न्हाई तर सोडून दे की." मी खाली मान घालून ट्यूब घासत बसलो.

कडू हसण्यावारी न्यायची. पण एकदा औरंगाबादहून येताना बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "मामा, एकदा तरी खरं सांगावं वाटतंय."

"सांग मग."

"नगं. मायला झोप लागत न्हाई शर्यतीच्या आधी. मी जिंकले की चार दिवस माझ्या अंगाला हात लावून बघती, ताप हाय का म्हणून." मग ती माझ्याकडं वळली. "आता मला बी भ्या वाटायलंय. खोकला आला तरी वाटतं, झालं."

सत्त्याऐंशी साली सरांनी कुठूनतरी खरी ट्रॅकची सायकल मिळवली. मी ती खालून वरून तपासली. तिला ब्रेक नव्हता. मी आधी समजलो, बसवायचा राहिलाय. मग कळलं, फ्रीव्हीलही नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, तुमची इच्छा असो वा नसो. पाय थांबवायला गेलात तर सायकल तुम्हाला उचलून फेकणार. माझा सगळा जन्म लोकांच्या सायकलींचे ब्रेक आवळण्यात गेला. सर शांतपणे म्हणाले, "ट्रॅकवर थांबायचं नसतं, भुजंगराव. ब्रेक असला तर मागची पोरगी अंगावर येईल." कडू मात्र त्या सायकलवर बसली आणि एका फेरीत तिला सगळं समजलं. सांगून कळणारी ती गोष्ट नव्हतीच.

राज्याची ज्युनियर स्पर्धा पुण्यात होती. तिथला सिमेंटचा ट्रॅक वळणावर भिंतीसारखा तिरपा उठला होता. कडूच्या आधीच्या शर्यतीत एक मुलगी त्या तिरप्या भिंतीवरून घसरत खाली आली आणि तिची मांडी सोलून निघाली. तिला उचलून नेलं, सिमेंटवर पाणी ओतलं, आणि पुढचं नाव पुकारलं ते कडूचं. एक किलोमीटर, एकटीनं, घड्याळाशी. दुसऱ्या फेरीला लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. माझ्या शेजारचा माणूस ओरडला, "काय पळते पोरगी!" मी त्याचे दोन्ही हात पकडले. "वाजवू नका," मी म्हणालो, "पाया पडतो, वाजवू नका." तो मला वेडा समजून चार हात लांब जाऊन उभा राहिला. नजर-बिजर मी मानत नव्हतो, आजही मानत नाही. पण माझा हात त्या पोरीच्या डोक्यावर ठेवलेला होता.

ती पहिली आली. राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेच्या सराव शिबिरासाठी तिची निवड झाली. महिनाभराचं शिबिर, आणि तिथून थेट देशातल्या सगळ्या पोरींशी शर्यत. फोटोवाला समोर आला तेव्हा कडूनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात तसाच फोटो छापून आला. वालूरला त्या पेपरचे चार अंक यायचे, पहिल्या गाडीनं. आम्ही रात्रीच्या गाडीनं परतलो होतो, म्हणून मी सकाळी स्टँडवर उभा राहून चारही विकत घेतले आणि त्यांत दुकानातल्या चेन गुंडाळून ठेवल्या. केवढा शहाणपणा केला, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी गावात जीप आली. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगली झाल्या, तेव्हापासून आमच्या भागात जीप दिसली की माणसं तोंड शिवून घेत. कोण कशाला आलंय, कोणाचं नाव विचारतंय, हे कळेपर्यंत कोणी एका शब्दाच्या जागी दोन बोलत नसे. जीपमधून पुण्याच्या सायकल संघटनेचे दोघं उतरले. एक चष्मेवाले वयस्कर साहेब आणि एक फाइलवाला तरुण. कोणीतरी तक्रार केली होती. बन्सीधर सरांनी दुसऱ्याच जिल्ह्यातली मोठी मुलगी आणून वालूरच्या कडूबाईच्या नावावर पळवली, अशी. सरांवरच तक्रार असल्यामुळं सरांच्या शब्दाला किंमत नव्हती. अर्जावर फोटो नव्हता, कारण केशरबाईनं लेकीचा फोटो काढूच दिला नव्हता. आणि पेपरातल्या फोटोत पोरगी तोंड लपवून उभी.

ते आधी शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, मुलगी आमची आहे, वय बरोबर आहे, पण शर्यतीत ती दरवेळेस मागं पडते असं ऐकतो. पंचायतीत तेच. पारावर तेच. मुंजाजीनं तर हात जोडून सांगितलं, "सायेब, तुमची चूक व्हायलीय. आमची कडू कदीच जिंकत न्हाई." बिचाऱ्याला वाटलं, आपण पोरीला कसल्यातरी भानगडीतून सोडवतोय.

मग ते कडूला घेऊन माझ्या दुकानात आले. मागं निम्मं गाव. पोरगी पांढरीफटक पडली होती.

"मीच ती," ती साहेबांना सांगत होती.

"मग फोटोत तोंड का झाकलंस?"

तिनं मान खाली घातली. साहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही तिला घेऊन जाता म्हणे. बोला, पुण्याला हीच जिंकली?"

सगळे माझ्याकडं बघत होते. कडूही बघत होती. एक शब्द बोलायचा होता. माझ्या घशात तो आला, आणि त्याच वेळी माझ्या तळहाताला तिचं गरम डोकं लागलं. खरं सांगितलं आणि हिला उद्या ताप आला तर? हिला काही झालं तर केशरबाईला तोंड कसं दाखवू? चाळीस वर्षांचा माणूस मी, आणि म्हणालो, "हरली."

कडूनं माझ्याकडं पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती रडली नाही. तिनं फक्त मान फिरवली.

"लिहा," साहेब तरुणाला म्हणाले. "बोगस नाव. मुलीचं नाव कमी करा, आणि बन्सीधरवर कायमची बंदी."

मी सायकल काढली. साहेबांना म्हणालो, "चहा घ्या, तासभर थांबा, आईला आणतो." आणि त्या ओढ्याच्या चढावर आयुष्यात पहिल्यांदा न उतरता वर गेलो. केशरबाई कापसात होती. मी बांधावरूनच ओरडून सगळं सांगितलं. ती ओटीतला कापूस तसाच धरून उभी राहिली.

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "हरली तर हरली. जिती तर ऱ्हाईल."

"आवं, ती जिती ऱ्हाईल, पण कशी? तिनं माझ्याकडं कसं बघितलं ते तुमी पाह्यलं न्हाई. माझ्याच्यानं शपथ मोडवत न्हाई, केशरबाई. माझी हिंमत न्हाई. बोलायचं तर तुमीच बोला."

"मला भ्या वाटायलंय, दादा."

"मला बी वाटायलंय."

ती खाली बसली. ओटीतला कापूस एकेक बोंड काढून पाटीत टाकू लागली, सगळा संपेपर्यंत. मग उठली आणि सायकलच्या मागं बसली. सगळ्या वाटेत तिची बोटं माझ्या सदऱ्यात रुतली होती.

स्टँडवर माणसांचं कडं उभं होतं. केशरबाई मधोमध जाऊन उभी राहिली. पदर सारखा केला. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. साहेबांनी दोनदा विचारलं. कडू आईकडं बघत होती आणि हळूच मान हलवून 'नको' म्हणत होती. तिला वाटत होतं, माय इथंच कोसळेल.

"जिंकली," केशरबाई म्हणाली. "सेलूला जिंकली, मानवतला जिंकली, परभणीला, औरंगाबादला, पुण्याला. समद्या ठिकाणी जिंकली. मीच हरली म्हणून सांगितलं. माझी पोर..." इथं ती अडली. मग एका दमात म्हणाली, "माझी पोर लय गुणाची हाय."

कडूनं हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पुण्याच्या ट्रॅकवरही तिचा चेहरा असा मी पाहिला नव्हता.

गावाला काही कळेना. मुंजाजी माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला आणि शेजारच्या चार जणांना हळू आवाजात मुकादम सांगितला, तीन लेकरं सांगितली, शपथ सांगितली. ते एकाकडून दुसऱ्याकडं गेलं. साहेब मात्र कागदाचे माणूस. "बाई, दोन वर्षं तुम्ही गावाला खोटं सांगितलंत. आज मला खरं सांगताय हे मी कशावरून मानू?" त्यांनी घड्याळ काढलं. सेलू रस्त्यावर एक किलोमीटरचा दगड होता, तिथून स्टँडपर्यंत यायचं. "या जड सायकलवर दोन मिनिटांच्या आत आली, तर पुण्याची मुलगी हीच."

मी माझी त्यातल्या त्यात हलकी सायकल काढली, चेन आवळली. सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभं राहिलं. ज्या नजरांपासून सोळा वर्षं पोरीला लपवलं, त्या सगळ्या आता रस्त्यावर लागल्या होत्या. केशरबाईनं रस्त्याकडं पाठ केली आणि पदराचा बोळा तोंडात धरला.

फाइलवाला तरुण जीप घेऊन दगडाजवळ गेला होता; त्यानं जीपचे दिवे लावले आणि साहेबांनी घड्याळ सुरू केलं. लांबून एक ठिपका निघाला. वाटेत एक बैलगाडी आडवी आली आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती गाडीला वळसा घालून पुढं आली होती, हँडलवर वाकलेली, आणि पायडलचा खडखडाट मला ओळखू येत होता. ती आमच्यासमोरून गेली तेव्हा वारा लागला. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा पाहिलं. "एक त्रेपन्न," ते म्हणाले. "या सायकलवर! अहो, कमाल आहे!"

मुंजाजीचे हात टाळीसाठी वर गेले होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्याला केशरबाई दिसली, पाठमोरी, दोन्ही खांदे वर ओढून उभी, फटका बसायची वाट बघत असल्यासारखी. त्यानं हात खाली घेतले, खाकरला, आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्यॅ! काय ते चालवणं! आमची म्हैस पळती ह्याच्यापरीस."

मग चांगुणाबाई म्हातारी पुढं झाली. "व्हय की. आन् दिसती बी कशी, काळी ढुस्स."

"पायात जोर न्हाई."

"चार दिवसांत परत येती बगा शिबिरातून."

साहेब भांबावून इकडं तिकडं बघत होते. "अहो, काय बोलता? तुमच्या गावाची पोरगी राज्यात पहिली आलीय! कौतुक करा तिचं!" पण कोणी ऐकेना. शाळेतली पोरं, पारावरची म्हातारी, पाणी भरायला निघालेल्या बाया, जो तो पुढं येऊन कडूला नावं ठेवायला लागला. काहींचे डोळे भरलेले होते. कडू सायकल धरून धापा टाकत उभी होती आणि हसत होती.

केशरबाई वळली. आधी तिला ऐकलेलं खरं वाटेना. मग तिला समजलं. जीपमधून परतलेला फाइलवाला तरुण 'बोगस नाव' खोडलेला कागद अंगठ्यासाठी घेऊन तिच्या मागं मागं फिरत होता, आणि ती माणसामाणसाच्या पाया पडत चालली होती.